चौदा आणे आणि दोन रुपये दोन आणे नऊ पै

दारूचा इतिहास आजवर दोघांनी लिहिला. एक अबकारी खात्यानं, दुसरा सुधारकांनी. अबकारीच्या दप्तरात गॅलन आहेत, मक्ते आहेत, दंड आहेत. सुधारकांच्या व्याख्यानात पाप आहे, अधःपात आहे. दोन्हीकडं पिणारा आहे. त्याची वाट बघत उंबऱ्यावर बसलेली बाई कुठंच नाही. आज पगार, किती आणील? चालत येईल की उचलून आणतील? परवा उलटीत लाल पडलं ते रक्त होतं का पानाची पिंक? हे हिशोब कुठल्या सरकारी वहीत चढले नाहीत. दोस्तांनो, ठाणे-कल्याणच्या वस्त्यांत काम करायचं तर हा इतिहास तिच्या बाजूनं वाचावा लागेल.

ठाणे जिल्ह्यापासूनच सुरू करू. इथला वारली, कातकरी, ठाकूर मोहाची फुलं वेचायचा. भुकेच्या दिवसात तीच खायचा, आणि सणाला, लग्नाला, मयताला त्याचीच दारू गाळायचा. 1878 साली इंग्रजानं मुंबईचा अबकारी कायदा केला. घरच्या आणि गावच्या भट्ट्या गुन्हा ठरल्या. दारू गाळायची ती उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांत, सरकारी नजरेखाली, आणि विकायची मक्तेदारानं. ताडीच्या झाडांवरही कर वाढले, त्यात वसईकडचा भंडारी भरडला. तरी लोक चोरून गाळतच राहिले. मग 1892 साली मोहाचा खास कायदा आला. लावला कुठं? ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांना. परवान्याशिवाय मोहाची फुलं घरात साठवणं हाच गुन्हा! झाडाखाली पडलेलं फूल उचललं तरी माणूस चोर.

आधी सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणत नाही. घरच्या दारूनंही बायकांची डोकी फुटली असतील. पण एक बदल मोठा झाला. पूर्वी पिणं हे हंगामाचं, पंगतीचं होतं. आता ते रोकड्याचं झालं, रोजचं झालं. नाणं मोजल्याशिवाय पेला मिळेना. आणि नाणं घरात एकच, ज्यातून तांदूळ येणार. तिथून पुढं नवऱ्याचा पेला आणि बायकोचं मडकं यांची एकमेकाशी गाठ पडली. सरकारनं ती बांधली आणि गाठीमागं कर घेतला.

लोक गप्प बसले नाहीत हेही ध्यानात ठेवा. 1922 च्या सुमाराला पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीची लाट उठली आणि बघता बघता दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरली. अंगात आलेली देवी सांगायची: दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दारूवाल्याच्या दारात जाऊ नका. हजारोंनी ऐकलं. कुणी गांधीवादी पुढारी शिकवायला गेला नव्हता, ते मागाहून पोचले. अंगात येणं आपल्याला पटणारं नाही, ठीक आहे. पण ज्यांना अडाणी म्हटलं त्यांनी आपल्या दारूचं अर्थशास्त्र स्वतःच ओळखलं होतं, एवढं तरी मान्य करू.

शहरात हे अर्थशास्त्र पहिल्यांदा बोलून दाखवलं जोतीराव फुल्यांनी. 1880 साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी गुत्त्यांना परवाने देण्याविरुद्ध लेखी हरकत घेतली. रस्ते आणि आरोग्य ज्यांच्या हातात, त्यांनीच दारूच्या दुकानाला वाट मोकळी करायची, हे त्यांना पटलं नाही.

आणि मग येतं 1927 साल. महाडच्या चवदार तळ्याला आठवडा उरला असताना, 12 मार्चला, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उठले. त्यांनी दोन आकडे मांडले. या इलाख्यात सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं चौदा आणे, आणि त्याच माणसाकडून अबकारीत वसूल करतं दोन रुपये दोन आणे नऊ पै. जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर परत द्या, एवढीच त्यांची मागणी होती. मला वाटतं दारूवर यापेक्षा मोठं भाषण मराठी मुलखात झालं नाही. कारण त्यात पिणाऱ्याला शिवी नाही. दारुडा नालायक आहे म्हणून शाळा नाही असं सावकार म्हणतो, साहेब म्हणतो, बामण म्हणतो. बाबासाहेबांनी उलटा हिशोब दाखवला: त्याच्या खिशातून तुम्ही शाळेच्या अडीचपट पैसा उपसताय.

त्याच वर्षी डिसेंबरात, महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी, ते आपल्या बायांशी बोलले. लुगडं कसं नेसा, दागिने कुठले टाका, मुलींना शाळेत घाला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यात आणखी एक होतं, जे जयंतीच्या भाषणात फारसं ऐकू येत नाही. नवरा आणि मुलगा दारू पीत असतील तर त्यांना जेवू घालू नका, असं त्यांनी सांगितलं. हे सांगितलं कुणाला? शेतात, बांधकामावर, खडीवर राबून घरात पैसा आणणाऱ्या बाईला. भाकर तिच्या कमाईची होती, म्हणून ती नाकारायचा हक्क तिला होता. ‘सहन कर, पतीला सुधार’ असला पतिव्रतेचा उपदेश त्यांनी केला नाही. तिच्या हातात जे एक हत्यार होतं ते त्यांनी तिला दाखवून दिलं.

आता दारूबंदी. 1939 साली खेर मंत्रिमंडळानं मुंबई शहरात ती आणून पाहिली. मग 1949 चा कायदा झाला आणि एप्रिल 1950 पासून मुंबई राज्यात सगळीकडं दारू बंद. कागदावर. ज्याला डॉक्टरचा दाखला परवडला त्याला प्रकृतीसाठी परवाना मिळाला. ज्याला नाही परवडला तो ठाण्याच्या खाडीकडं वळला. तिवरांच्या चिखलात पिंपं पुरली गेली. काळा गूळ, नवसागर, कुजकं फळ, जे मिळेल ते कोळसवून हातभट्टी पेटली. मोटारीच्या टायरच्या ट्यूबात भरून माल शहरात यायला लागला. नवटाक, पावशेर हे शब्द घराघरात पोचले. पोलिसाचा हप्ता ठरला. आणि कैद कुणाला? पिंपाशी सापडलेल्या पोराला, चुलीशी सापडलेल्या विधवेला.

1951 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात या दारूबंदीला साफ विरोध होता. ती शुद्ध वेडेपणा आहे अशाच भाषेत. सरकारचं उत्पन्न बुडालं, ते शिक्षणाला लागलं असतं. गुन्हे वाढले. आणि सगळ्यात वाईट, दारू गाळणं घरगुती धंदा झाला, पूर्वी पुरुष प्यायचे, आता डोळ्यांदेखत गाळली जाते म्हणून बाया-पोरंही प्यायला लागली. पाच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला, त्याच बाबासाहेबांनी लाखोंकडून 22 प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, त्यात मी दारू पिणार नाही ही एक होती. पंचशीलातही ती आहेच.

काहीजण यात विसंगती काढतात. मला ती दिसत नाही. पोलिसानं माझ्या तोंडाचा वास घ्यावा हे त्यांना नको होतं. मी माझ्या तोंडानं नाही म्हणावं हे हवं होतं. आणि ती प्रतिज्ञा नागपूरला बाईनंही त्याच शब्दात घेतली, नवऱ्याच्या मागं उभी राहून नव्हे.

पण पुढं काय झालं ते आपल्याच वस्त्यांत बघा. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ निघालं, ठाण्याची वागळे इस्टेट उभी राहिली, पाठोपाठ डोंबिवलीची रसायनं. अंबरनाथचा दारूगोळा कारखाना, आंबिवली-मोहन्याची रेयॉन कंपनी, कल्याणचं रेल्वे यार्ड, सगळीकडं आपली माणसं पाळीनं राबत होती. साठच्या दशकात सरकारनं दारूबंदी सैल केली. 1972 ला पँथर जन्मली आणि 1973 ला देशी दारूचे नियम आले. गेटाबाहेर सरकारमान्य दुकानं लागली, आणि ती दुकानं चालतात आजही दारूबंदीच्याच कायद्याखाली! नगरपालिकेच्या गटारात उतरणारा आपला माणूस तर सरळ सांगतो, दोन घोट घेतल्याबिगर आत उतरवत नाही. त्याला शील सांगायच्या आधी त्याच्या हातात यंत्र, तोंडावर मास्क आलाय का ते विचारायला हवं. पुढं रेयॉन कंपनी 2009 साली बंद पडली. नोकरी गेली, बाटली राहिली.

या सगळ्यात बाईचं काय झालं? प्रतिज्ञा आली म्हणून तिचं दुःख आणखी आत गेलं. पूर्वी नवरा पितो हे चारचौघात म्हणता यायचं. आता म्हटलं तर धम्माची बदनामी, समाजाची बदनामी. त्यातून नवरा कार्यकर्ता असला तर विचारूच नका. दिवसा तो वंदना घेतो, रात्री चपटी घेतो, आणि ती शेजारणीला सांगते, ‘ह्यांना पित्ताचा त्रास हाय.’ चळवळीच्या इज्जतीची राखण तिच्याकडं कुणी दिली? हा प्रश्न आपण आपल्या शाखेत एकदा तरी मोठ्यानं विचारला पाहिजे, अध्यक्ष पीत असला तरी. तो पीत असला तर आधी.

प्रतिज्ञा मोडली म्हणजे पाप, कायदा मोडला म्हणजे गुन्हा. तिसरी गोष्ट, म्हणजे आजार, ही आपल्याकडं फार उशिरा आली. शरीराचं साधं गणित असं आहे. दारू पचवायचं काम यकृताचं. रोज ओतत गेलं की त्यावर चरबी धरते, मग सूज, मग ते निबर होतं. पोटात पाणी, डोळे पिवळे, आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या की रक्ताची उलटी. ती पानाची पिंक नसते. त्या रात्री सकाळची वाट बघायची नाही, थेट सरकारी दवाखाना गाठायचा. क्षयाचा धोका पिणाऱ्याला जास्त, आणि क्षयाच्या गोळ्याही त्याच दमलेल्या यकृतावर भार टाकतात. 1988 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं दारूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. 2023 साली संघटनेनं स्पष्टच सांगितलं, निर्धोक अशी मात्रा नाही. तेव्हा इंग्लिश घेतो, देशी नाही, या ऐटीला काही अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात पोचली पाहिजे. रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून, कडी लावून दारू सोडवायची चाल आपल्याकडं आहे. बाई ती मायेनं करते, भाऊबंद तिला साथ देतात. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात कापायला लागतात, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, आपल्या माणसाला ओळखत नाही, अंग तापतं. यात माणूस दगावतो. हे डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. तसंच, रेल्वेलगतच्या भिंतींवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. जेवणात चोरून कालवायचं औषध डायसल्फिरामच्या जातीचं असलं आणि त्यानं वरून दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. नकळत काही द्यायचं नाही.

आणि हातभट्टीत मिथेनॉल मिसळलं तर डोळेच जातात. 2004 साली विक्रोळीला, 2015 साली मालवणीला माणसं अशीच पटापट मेली, मालवणीत शंभराच्या वर. नजर धुरकट झाली, पोट मुरडलं की दवाखान्यात पळायचं, पोलिसाला भिऊन घरी झोपायचं नाही. भीतीपोटी झोपलेले उठले नाहीत.

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. आपल्या लोकांना ते ठाऊक आहे फक्त शिवी म्हणून. दारू हा त्यांच्याही इलाजाचा विषय आहे हे फार थोड्यांना माहीत. पुण्याचं मुक्तांगण 1986 ला निघालं. आणि बायकोसाठी काय? 1951 साली अमेरिकेत दारुड्यांच्या बायकांनी स्वतःची वेगळी संघटना काढली, अल-अनॉन. तिथला पहिला धडा असा की त्याच्या दारूचं कारण तू नाहीस. आपल्याकडं सासू, दीर, शेजार, सगळे उलटं सांगतात: तू नीट वागली असतीस तर तो प्यायला नसता. हे ऐकून ऐकून बाई त्याची बाटली लपवते, त्याच्या सुट्टीचा खोटा अर्ज करते, त्याची उधारी फेडते. 1927 चं जेवू न घालणं आज मी असं वाचतो: उधारी फेडू नका, खोटा अर्ज करू नका. आणि मारहाण असेल, पगार अडवला असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसा धरली आहे. तो कागद घेऊन तिच्यासोबत कोर्टाची पायरी चढणं, हे मोर्च्याइतकंच शाखेचं काम आहे.

बाकी सरकारचा हिशोब 1927 सारखाच चालू आहे. 2022-23 साली महाराष्ट्राला दारूच्या शुल्कातून 20 हजार कोटींच्या वर मिळाले. आणि बायांनी दुकान बंद करायचं म्हटलं तर? शहाद्याच्या भिल्ल बायांनी 1972-73 च्या सुमाराला भट्ट्यांवर जाऊन मडकी फोडली होती, कुणाला विचारलं नव्हतं. 2008 साली शासनानं त्याचा रीतसर आदेश काढला. चौथा हिस्सा बायांनी सह्या करायच्या, मग मतदान, उभी बाटली का आडवी बाटली. त्यात मेख अशी घातली की आलेल्या मतांची निम्मी नव्हे, तर यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी आली नाही ती दुकानाच्या बाजूनं मोजली गेली. पहाटेच्या लोकलनं भांडी घासायला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, मरून तीन वर्षं झाली तरी यादीत असलेली, सगळ्यांची मतं बाटलीलाच. यादी दुरुस्त करून घ्यायला, मेलेल्यांची नावं काढायला आणि कामाच्या बायांना त्या दिवशी खाडा पाडायला लावून त्यांची मजुरी वर्गणीतून भरायला पोरं लागतात. दुकानदाराकडं ती होती.