कडक बंधनांचा धार्मिक गट सोडल्यानंतर: नाती आणि स्वतंत्र विचार पुन्हा कसे उभे राहतात?

एखादा पंथ, आश्रम किंवा धार्मिक गट सोडलेली व्यक्ती डॉक्टरांकडे येते, तेव्हा तक्रार बहुतेक वेळा वेगळीच असते. झोप लागत नाही, छातीत धडधडते, कामात लक्ष लागत नाही, पोट सतत बिघडते. बरेच बोलणे झाल्यावर कळते, की काही महिन्यांपूर्वी त्या व्यक्तीने आयुष्यातली दहा-पंधरा वर्षे दिलेला गट सोडला आहे. त्याबरोबर मित्र, दिनक्रम, कधी नोकरी आणि राहते घरही सुटले आहे. घरचे म्हणतात, "आता सुटलास ना, मग आनंदात राहा की!" पण ते इतके सोपे नसते.

हा लेख अशा व्यक्तींसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे.

कडक बंधनांचा गट म्हणजे नेमका कोणता?

हा प्रश्न श्रद्धेचा किंवा विशिष्ट धर्माचा नाही. असे गट सर्व धर्मांत आढळतात. नियमित भजन, नमाज, प्रार्थना, उपवास किंवा वारी यांतून असंख्य लोकांना आधार मिळतो आणि त्यांचे बाकीचे आयुष्य मोकळे राहते. पुढील गोष्टी एकत्र दिसल्या, तर मात्र गट नियंत्रण करणारा आहे असे समजावे:

- प्रमुखांच्या शब्दावर प्रश्न विचारणे हे पाप किंवा अहंकार मानले जाते.
- लग्न, शिक्षण, नोकरी, पैसे, औषधोपचार असे खासगी निर्णयही विचारून घ्यावे लागतात.
- बाहेरच्या नातेवाइकांशी आणि मित्रांशी संबंध कमी करायला सांगितले जाते.
- गट सोडल्यास कोप होईल, घरात आजार येईल, वाटोळे होईल अशी भीती घातली जाते.
- सोडून गेलेल्याशी बोलणे बंद केले जाते.

शेवटचे दोन मुद्दे सर्वांत महत्त्वाचे. जिथून मोकळेपणाने बाहेर पडता येते, त्या गटातील बंधने माणसाने स्वतः स्वीकारलेली असतात. जिथून बाहेर पडल्यास सगळी माणसे तुटतात, तिथे होकारामागे भीतीचा मोठा वाटा असतो.

हा मानसिक आजार आहे का?

गट सोडणे, श्रद्धा डळमळीत होणे हा आजार नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९९४ पासून 'धार्मिक किंवा आध्यात्मिक प्रश्न' अशी वेगळी नोंद आहे आणि ती मनोविकारांत मोजलेली नाही. मात्र या काळात नैराश्य, अतिचिंता किंवा आघातानंतरचा ताणविकार होऊ शकतो. हे आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत.

सर्वसाधारणपणे आढळणारे त्रास असे:

- अपराधीपणा आणि भीती. बुद्धीला पटलेले असते, पण मूल तापाने फणफणले की "माझ्यामुळेच झाले" असा विचार येतो.
- अचानक जुन्या मनःस्थितीत जाणे. ओळखीचे भजन, उदबत्तीचा वास किंवा गटातला एखादा शब्द कानावर पडला, की काही क्षण आपण पुन्हा तिथेच आहोत असे वाटते.
- निर्णय न घेता येणे. दुकानात दोन शर्टांपैकी एक निवडतानाही घाम फुटतो.
- दुःख. गटात प्रेम, सोबत आणि आयुष्याला अर्थ मिळालेला असतो. तो गेल्याचे दुःख खरे असते, गट कितीही चुकीचा वाटला तरी.
- राग आणि लाज. गेलेली वर्षे, गेलेला पैसा, दुखावलेली माणसे आठवतात.

विचार करण्याची सवय का जाते?

१९५१ मध्ये मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी केलेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. काही रेषा दाखवून त्यांची लांबी जुळवायची होती. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होते, पण खोलीतील बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचे उत्तर देत होते. सहभागी झालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी गटाचे चुकीचे उत्तर स्वीकारले. मात्र खोलीत बरोबर उत्तर देणारी आणखी एकच व्यक्ती ठेवली, की गटापुढे मान तुकवण्याचे प्रमाण खूप कमी झाले.

तिथे तर अनोळखी माणसे होती आणि पणाला काहीच लागलेले नव्हते. जिथे वेगळे मत मांडले तर आई-वडील, जोडीदार, मित्र गमावण्याची भीती आहे, तिथे मन शंका येण्याआधीच ती दाबायला शिकते. हा बुद्धीचा कमीपणा नाही. शिकले-सवरलेले, डॉक्टर-इंजिनीअरही यात सापडतात.

या प्रयोगातून उपचाराची दिशाही मिळते. स्वतंत्र विचार एकट्याने खोलीत बसून परत येत नाही. मतभेद झाला तरी नाते तुटत नाही असा अनुभव एखाद्या माणसाबरोबर वारंवार आला, की तो परत येतो. म्हणून नाती सावरणे आणि विचार सावरणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

आधी शरीराची तपासणी

अनेक गटांत औषधे बंद करायला लावतात किंवा कडक उपवास करवतात. त्यामुळे पहिली भेट आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांची ठेवा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि गरज असल्यास थायरॉइड तपासून घ्या. मुलांच्या राहिलेल्या लसी विचारा. पूर्वी बंद केलेली औषधे जुनी चिठ्ठी पाहून स्वतःहून सुरू करू नका. फिट्सची आणि मनोविकारांवरची काही औषधे दीर्घ खंडानंतर पुन्हा कमी मात्रेपासून हळूहळू वाढवावी लागतात. छातीत दुखणे किंवा धडधड पहिल्यांदाच होत असेल, तर ते 'टेन्शन' समजून घरी बसू नका.

स्वतंत्र विचाराची सवय कशी लावावी?

१. लहान निर्णयांपासून सुरुवात करा. आज भाजी कोणती, कोणत्या रस्त्याने जायचे, संध्याकाळी काय वाचायचे. रोज दोन-तीन गोष्टी कोणालाही न विचारता ठरवा. निर्णय चुकला तरी काही अनिष्ट घडत नाही, हे मनाला अनुभवानेच पटते.

२. तीन प्रश्नांची वही ठेवा. एखादी गोष्ट ठामपणे खरी वाटली, की लिहा: हे मला कसे कळले? हे चूक आहे असे मी केव्हा मान्य करीन? याच्या विरुद्ध मत असलेला शहाणा माणूस काय म्हणेल? गटाविषयीच्या जुन्या समजुतींना आणि आजच्या नव्या मतांनाही हेच प्रश्न लावा.

३. "मला अजून ठरवता आलेले नाही" असे म्हणायला शिका. गटात प्रत्येक प्रश्नाचे तयार उत्तर होते. देव आहे का, कर्म असते का, यावर लगेच भूमिका घेण्याची सक्ती आता नाही.

४. मोठे निर्णय शक्य तितके पुढे ढकला. घर विकणे, लग्न, घटस्फोट, मोठी गुंतवणूक यांची पहिल्या काही महिन्यांत घाई नको. घरात मारहाण किंवा धोका असेल, तर मात्र थांबू नका.

५. नवा 'सर्वज्ञ' शोधू नका. रिकामी जागा भरण्यासाठी दुसरा महाराज, ज्योतिषी, प्रेरक वक्ता किंवा इंटरनेटवरचा कोणी जाणकार पटकन जवळचा वाटतो. गट सोडलेल्यांचे मंडळ आधार देऊ शकते, पण तिथेही वेगळे बोलणाऱ्याला गप्प केले जात असेल तर अंतर ठेवा.

जुन्या मनःस्थितीत अचानक ओढले गेल्यासारखे वाटले, तर जागेवर थांबा. आजची तारीख आणि तुम्ही कुठे आहात हे मोठ्याने म्हणा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्या, पाय जमिनीवर घट्ट टेका. नंतर हे कशामुळे झाले ते वहीत लिहून ठेवा. कारण ओळखीचे झाले की त्याचा जोर कमी होतो.

नाती कशी सावरावीत?

गटात जाताना मागे राहिलेली माणसे. भाऊ, मावशी, शाळेतली मैत्रीण यांना पहिला फोन करणे जड जाते. सगळा खुलासा एकाच दमात देण्याची गरज नाही. "बरीच वर्षे बोललो नाही, चूक माझ्याकडून झाली. भेटायला आवडेल," एवढे पुरे. समोरच्याला राग असेल तर त्याला वेळ द्या.

अजून गटात असलेली माणसे. त्यांना पटवून बाहेर काढण्याची घाई केली, की दार बंद होते. श्रद्धेवर वाद घालण्याऐवजी नात्याविषयी बोला: "मी सत्संगाला येणार नाही, पण तुझ्या वाढदिवसाला नक्की येईन." आपली मर्यादा शांतपणे सांगा आणि तीच पुन्हा सांगा. समोरून बोलणे बंद झाले, तरी वर्षातून दोन-चार वेळा साधा खुशालीचा निरोप पाठवत राहा.

नवी माणसे. चालण्याचा गट, वाचनालय, संगीताचा क्लास, नोकरीतले सहकारी अशी अनेक ठिकाणी थोडी-थोडी ओळख ठेवा. एकाच मंडळावर सगळा भार नको. जिथे तुम्ही आठवडाभर गेला नाहीत तरी कोणी जाब विचारत नाही, ती जागा चांगली.

जन्मापासून गटातच वाढलेल्यांसाठी. तुमच्याकडे परत जाण्यासारखे 'पूर्वीचे आयुष्य' नसते. बँकेचे खाते, नोकरीची मुलाखत, बाहेरच्यांशी मैत्री या गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. त्याची लाज वाटू देऊ नका. परक्या गावात आल्यासारखे विचारत-विचारत शिका.

कुटुंबीयांनी काय करावे?

- "आम्ही तेव्हाच सांगत होतो" हे वाक्य टाळा. ते खरे असले तरी माणूस गप्प होतो.
- त्यांच्या वतीने निर्णय घेऊ नका. "तू आता असे कर" याऐवजी "तुला काय वाटते?" असे विचारा आणि उत्तराची वाट पाहा. तुमचा सल्ला कितीही योग्य असला, तरी हुकूम म्हणून दिला की जुनीच सवय पक्की होते.
- गटातल्या चांगल्या आठवणी सांगितल्या तर ऐकून घ्या. ते परत जाण्याचे लक्षण असेलच असे नाही.
- घरच्या पूजेला, आरतीला उभे राहणे ऐच्छिक ठेवा. न राहिल्यास टोमणा नको.
- पैशाचा हिशेब पहिल्याच आठवड्यात मागू नका.

सतत विचारले जाणारे प्रश्न

जबरदस्तीने बाहेर काढून, कोंडून समजावले तर?
नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात असे प्रकार झाले. पालकांनी माणसे लावून सज्ञान मुलांना पळवून नेले आणि त्यांची मते बदलण्याचा प्रयत्न केला. त्यावर न्यायालयात खटले झाले आणि ही पद्धत मागे पडली. सज्ञान व्यक्तीला कोंडणे हा आपल्याकडेही गुन्हा आहे. शिवाय यातून दबावाखाली मान्य करण्याचेच शिक्षण पुन्हा मिळते.

पुन्हा देवाधर्माचे करावेसे वाटले तर?
करावे. बरे होणे म्हणजे नास्तिक होणे नव्हे. मनात आले तर पूजा करता येणे आणि नको वाटले तर न करता येणे, ही मोकळीक महत्त्वाची आहे.

समाजाने वाळीत टाकले तर?
महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा असून तो जुलै २०१७ पासून लागू आहे. दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तक्रार पोलिसांकडे करता येते. कोणी व्यक्तिशः बोलणे बंद करणे आणि संपूर्ण कुटुंबावर बहिष्काराचा आदेश काढणे यांत फरक आहे. त्यासाठी वकिलांचा सल्ला घ्या.

मनोविकारतज्ज्ञांकडे केव्हा जावे?

- उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास
- भीतीदायक स्वप्ने, जुने प्रसंग डोळ्यांसमोर येणे महिनाभरानंतरही चालू राहिल्यास
- झोप, जेवण, काम पूर्ण विस्कळीत झाल्यास
- दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार घ्यावा लागत असल्यास
- छळ, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झालेला असल्यास
- मरणाचे विचार येत असल्यास त्याच दिवशी

केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. त्याला कायद्याने सांगितलेले मोजकेच अपवाद आहेत.

विवेकनिष्ठ उपचारपद्धती, विचार-वर्तन उपचार, आघातावरचे समुपदेशन यांचा उपयोग होतो. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच सोडू नका. समुपदेशकाचे शिक्षण विचारा. चिकित्सा मानसतज्ज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते पाहा. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो किंवा "माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवा" एवढेच म्हणतो, त्याच्याकडे उपचार घेऊ नका.

सुधारणा होत आहे हे कसे ओळखावे?

वेळ प्रत्येकाला वेगवेगळा लागतो आणि मध्ये वाईट दिवसही येतात. पण काही खुणा दिसू लागतात. जुने भजन ऐकून फक्त आठवण येते, धडकी भरत नाही. गटातले काय चांगले होते आणि काय वाईट, हे एकाच वाक्यात सांगता येते. घरात कोणाशी मतभेद झाला, तरी रात्री झोप लागते आणि सकाळी त्याच माणसाबरोबर चहा घेता येतो. डॉक्टरांनाही "मला हे पटले नाही, पुन्हा समजावून सांगा" असे म्हणता येते. असे म्हणणारा रुग्ण बरा होण्याच्या मार्गावर आहे, असे खुशाल समजावे.