एंजिन तेल आणि मोटारगाडीची हमी

मोटारगाडीच्या एंजिनात योग्य प्रतीचे वंगण तेल वापरणे व ते ठराविक मुदतीत बदलणे, ही निर्मात्याने दिलेल्या हमीची बहुधा एक अट असते. एंजिन निकामी झाल्यास दोष घडणीचा की तेलाचा, यावर दुरुस्तीचा मोठा खर्च कोणी सोसावयाचा हे ठरते. या अटीचा इतिहास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला.

तेथील मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठरविलेली हमी १९५० नंतरच्या दशकात ९० दिवस किंवा ४,००० मैल (सु. ६,४०० किमी.), यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेवढीच असे. वाहतूक खर्च भरून कारखान्याकडे परत पाठविलेला सदोष भाग बदलून देणे, एवढीच निर्मात्याची जबाबदारी मानली जाई. हेनिंगसेन विरुद्ध ब्लूमफील्ड मोटर्स या खटल्यात न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये जबाबदारीची ही मर्यादा अमान्य केली. इतक्या अल्प मुदतीत तेलाचा वाद उद्भवण्यास फारसा वावच नव्हता. हलक्या तेलाचे परिणाम दिसू लागण्यापूर्वी हमी संपलेली असे.

स्पर्धेमुळे मुदती वाढू लागल्यावर चित्र पालटले. क्रायस्लर कंपनीने १९६३ च्या गाड्यांसाठी एंजिन व शक्तिसंक्रमण यंत्रणेला ५ वर्षे किंवा ५०,००० मैल (सु. ८०,००० किमी.) अशी हमी दिली. तिच्या अटी मात्र कडक होत्या : तेल दर तीन महिन्यांनी किंवा ४,००० मैलांनी बदलावयाचे आणि देखभालीचा पुरावा दर सहा महिन्यांनी विक्रेत्याला दाखवून तशी नोंद करून घ्यावयाची. एंजिन चांगले ठेवण्याइतकेच पावत्या जपून ठेवणेही आता गाडीमालकाचे काम झाले.

तेल ‘योग्य’ कशावरून, हा प्रश्न यामुळे निकडीचा बनला. मोटार अभियंत्यांच्या सोसायटीने (एसएई) १९११ पासून तेलांचे वर्गीकरण केले होते. पण ते केवळ श्यानतेवर, म्हणजे दाटपणावर, आधारलेले होते. सारख्याच दाटपणाच्या दोन तेलांच्या गुणांत मोठे अंतर असू शकते. थंड हवेत थोड्या अंतराच्या फेऱ्या वारंवार केल्यास एंजिन पुरेसे तापत नाही. पाणी, न जळलेले पेट्रोल व अम्ले तेलात मिसळून चिकट गाळ तयार होतो. हा गाळ तेलाचे मार्ग बुजवितो व फिरत्या भागांना वंगण मिळेनासे होते. गाळाचे कण विखुरलेले ठेवणारी, अम्लांचे उदासिनीकरण करणारी आणि झीज रोखणारी द्रव्ये तेलात मिसळलेली असतील, तरच हे टळते. दाटपणाच्या आकड्यावरून त्यांचा पत्ता लागत नाही.

ही उणीव अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने (एपीआय) भरून काढण्याचा प्रयत्न केला. तिने १९४७ मध्ये तेलांचे ‘रेग्युलर’, ‘प्रीमियम’ व ‘हेवी ड्युटी’ असे ढोबळ वर्ग केले आणि १९५२ मध्ये एंजिनावरील ताणानुसार नवे वर्ग ठरविले. १९७० च्या सुमारास आलेली अक्षरपद्धती अधिक बोलकी आहे. तिच्यातील एससी, एसडी व एसई या वर्गांच्या वर्णनांत अनुक्रमे १९६४, १९६८ व १९७२ पासूनच्या पेट्रोल एंजिनांच्या हमीसाठी आवश्यक सेवा, असा उल्लेखच होता. तेलाची प्रत आणि हमीची अट अशा रीतीने एकाच संज्ञेत बांधली गेली.

दर्जा ठरला, तरी छापाचा प्रश्न उरला. निर्मात्याने स्वतःच्याच छापाचा माल वापरण्याची सक्ती करावी काय? पिक मॅन्युफॅक्चरिंग विरुद्ध जनरल मोटर्स या खटल्यात संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये, विक्रेत्यांनी शेव्हरोले गाड्यांच्या दुरुस्तीत कंपनीमान्य भागच वापरावेत, ही अट ग्राह्य धरली होती. हमीपुरते ग्राहकाला संरक्षण मिळाले ते १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने. विशिष्ट छापाची वस्तू वा सेवा वापरण्यावर हमी अवलंबून ठेवण्यास त्याने मनाई केली. ती वस्तू विनामूल्य पुरविल्यास, किंवा तिच्यावाचून उत्पादन नीट चालत नसल्याचे संघीय व्यापार आयोगाला पटवून सूट मिळविल्यास, ही मनाई लागू होत नाही. अमुक श्यानतेचे व अमुक वर्गाचे तेल हवे, असे म्हणण्याचा निर्मात्याचा हक्क मात्र अबाधित राहिला. परक्या वस्तूमुळे बिघाड झाला असेल, तर तेवढ्यापुरती हमी नाकारता येते. पण तसे दाखवून देण्याची जबाबदारी निर्मात्याची, असे आयोगाचे विवेचन आहे.

व्यवहारात ही वाटणी दिसते तितकी सोपी नाही. जळालेल्या धारव्यावरून वंगण कमी पडले एवढे कळते. ते का कमी पडले, हे नेहमीच कळते असे नाही. टोयोटा कंपनीच्या १९९७ ते २००२ या वर्षांच्या काही एंजिनांत तेलाचा गाळ होत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने अपुऱ्या तेलबदलाकडे बोट दाखविले, तर अनेक मालकांनी आपण तेल वेळेवर बदलल्याचे सांगितले. अखेर २००२ मध्ये कंपनीने सु. ३३ लाख गाड्यांना गाळजन्य बिघाडापुरते आठ वर्षांचे संरक्षण दिले. त्यासाठी देखभालीचा वाजवी पुरावा पुरेसा मानला गेला.

छाप आणि दर्जा यांतील सीमारेषाही पुढे पुसट झाली. जनरल मोटर्सने २०११ च्या गाड्यांसाठी ‘डेक्सॉस’ हा दर्जा आणला. तो कोणाही तेल उत्पादकाला मिळविता येतो. परंतु त्याचे नाव कंपनीच्या मालकीचे असून त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. याला छाप म्हणावयाचे की दर्जा, हा वाद निरर्थक म्हणता येणार नाही.

भारतात असा स्वतंत्र हमी कायदा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सु. २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. त्यातील निम्म्याहून अधिक वाटा मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सचा होता. प्रकरण मुख्यतः सुट्या भागांचे असले, तरी बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतल्यास हमी सरसकट रद्द करता येणार नाही, सदोष कामामुळे झालेल्या नुकसानापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने त्यात बजावले. या आदेशाला कंपन्यांनी पुढे आव्हान दिले.