फ्रेंच 'कॅफे' : शब्द बदलला, की कप बदलतो

वाशीमच्या हॉटेलात कॉफी मागितली, की सहसा दूध-साखर घातलेलीच समोर येते. पॅरिसमध्ये नुसते 'कॅफे' म्हटल्यास मात्र लहान कपात कडक, बिनदुधाची एस्प्रेसो मिळते. थोडेसे दूध हवे असल्यास 'न्वाझेत' म्हणावे. या शब्दाचा अर्थ हेझलनट, आणि नाव पडले ते रंगावरून. भरपूर दूध हवे असल्यास 'कॅफे क्रेम' मागावी. 'कॅफे ओ ले' ही दुधाळ कॉफी मुख्यतः सकाळच्या न्याहारीची. जेवणानंतर, गोड पदार्थ संपल्यावर, सहसा काळी कॉफीच घेतली जाते. 'कॅफे' आणि 'कॉफी' या दोन्ही शब्दांचे मूळ अरबी 'कहवा'. वाशीमप्रमाणेच अमरावती विभागात मोडणाऱ्या चिखलदऱ्यात तर कॉफीचे मळेही आहेत.