शक्तिमान : जबलपूरचा फौजी मालट्रक

शक्तिमान म्हटले की आमच्या मुलांच्या पिढीला दूरदर्शनवरची मालिका आठवते. ती आली १९९७ साली. त्याआधी जवळजवळ चार दशके जबलपुरात शक्तिमान म्हणजे एकच गोष्ट होती, फौजेचा हिरवा ट्रक.

स्वातंत्र्यानंतर लष्कराची बरीचशी वाहतूक दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या परदेशी गाड्यांवर चाले. त्या जुन्या झाल्या, सुटे भाग मिळेनात. व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना १९५८ मध्ये एमएएन या जर्मन कंपनीशी परवान्याचा करार झाला आणि १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत ट्रक बनू लागले. १९०४ पासूनचा हा कारखाना मुळात तोफांचे गाडे बनवणारा. पुढे काम वाढले तशी १९६९ मध्ये स्वतंत्र वाहन निर्माणी उभी राहिली. गावात तिला सगळे नुसते ‘व्हीकल’ म्हणतात. मुलगा ‘व्हीकल’मध्ये लागला, एवढे सांगितले की मुलीकडचे निर्धास्त होत!

शक्तिमानचा मूळ नमुना एमएएन ४१५. साध्या ट्रकमध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकांनाच मिळतो. यात गरज पडली की पुढच्या चाकांनाही देता येई. त्यामुळे चिखलात, वाळूत मागची चाके फिरत राहिली तरी पुढची गाडीला ओढून काढत. सडकेवर ५ टन आणि आडरानात ३ टन माल, हा त्याचा हिशेब. इंजिन डिझेलचे, पण वेळप्रसंगी दुसरे इंधनही पचवणारे. आघाडीवर याला फार मोल. हौद्यावर ताडपत्री टाकून जवान न्यावेत, रेशन न्यावे, मागे तोफ जोडावी, नाहीतर चेसिसवर पाण्याची टाकी बसवावी. १९७१च्या युद्धातही तो फौजेबरोबर होता.

त्याला सर्वस्वी स्वदेशी म्हणणे मात्र आम्हाला पटत नाही. आराखडा जर्मन होता, आणि इतकी वर्षे तो फारसा बदलला नाही, ही उणीवच. तरी भाग इथे घडवता घडवता फिटर, टर्नर, मोल्डर यांच्या पिढ्या तयार झाल्या. बँकेच्या काउंटरवरून आम्ही त्या पाहिल्या. पगाराच्या दिवशी लागणाऱ्या रांगेत मराठी आडनावे कमी नसत, आणि गृहकर्जाच्या अर्जावर त्यांची नोकरी हेच मोठे तारण वाटे.

१९९६च्या सुमारास शक्तिमान बंद झाला. त्याच्या जागी अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटांचा एलपीटीए आला. हेही जबलपुरात जोडले जात, पण आराखडा त्या कंपन्यांचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळच विसर्जित झाले आणि शक्तिमान घडवणारे हे दोन्ही कारखाने दोन वेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले.