विदर्भातील प्राचीन दफनभूमी : एक दुर्लक्षित वारसा

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण ज्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांचा इतिहास कोठे वाचावयाचा? त्याचे उत्तर आपल्याच विदर्भात, माळरानावरील दगडांत दडलेले आहे.

अहेरीकरांना उभ्या दगडांचे नवल नाही. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना माडिया बांधवांनी आपल्या मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड दिसतात. ही प्रथा आजही जिवंत आहे. याहून कितीतरी जुने दगड पाहावयाचे असतील तर चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातील हिरापूरला जावे. तेथे उभ्या शिळांवर प्रचंड शिळेचे छप्पर ठेवलेली बांधकामे आहेत. पुढे नागपूरजवळ, काटोलच्या बाजूस, जुनापाणी येथे सुमारे 300 दगडी वर्तुळे आहेत. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची माहिती 1879 साली प्रसिद्ध केली.

ही वर्तुळे म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील कबरी होत. नागपूरजवळच माहुरझरी येथे 1970 नंतर डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. मृतांसोबत लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी मडकी, रंगीत दगडांचे मणी आणि तांब्याच्या अलंकारांनी सजविलेले घोडेही पुरलेले आढळले. पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. सुरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगरांजवळ राहणाऱ्या आपल्या मुलांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. विदर्भातला माणूस अडीच हजार वर्षांपूर्वीच उत्तम लोहार होता!

नेमक्या याच काळात दूर इटलीत एट्रुस्कन नावाचे लोक आपल्या मृतांसाठी घरे कोरीत होते. चेर्वेतेरी गावाजवळ मऊ खडकात कोरलेल्या त्यांच्या कबरींत खोल्या आहेत, खांब आहेत, दगडी पलंग आहेत. तार्क्विनिया येथील कबरींच्या भिंतींवर मेजवान्या, नृत्ये आणि घोडे रंगविलेले आहेत. त्यांची लिपी वाचता येते, परंतु भाषा पुरतेपणी उमगत नाही. म्हणून त्यांचा इतिहासही बराचसा कबरींतूनच कळला. 2004 साली युनेस्कोने या दोन्ही दफनभूमींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

परंतु तेथेही चोरांनी हात मारला. 1971 साली चेर्वेतेरीच्या परिसरातून चोरलेले एक ग्रीक चित्रपात्र पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध संग्रहालयाने दहा लक्ष डॉलरना विकत घेतले. ते इटलीला परत मिळण्यास 2008 साल उजाडले. पात्र परत आले, पण ते कबरीत कोणाशेजारी, कोणत्या वस्तूंसोबत ठेवले होते, ही हकीकत मात्र कायमची गेली. वस्तू परत मिळते. तिची साक्ष मिळत नाही.

आपल्याकडे धोका याहून साधा आहे. कोणी गुप्तधनाच्या लोभाने वर्तुळ उकरतो, तर कोणी शेत सपाट करण्यासाठी किंवा बांधकामासाठी दगड उचलतो. त्याच्या दृष्टीने तो एक दगड असतो. इतिहासाच्या दृष्टीने ते पुस्तकातून फाडलेले पान असते. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

पालकांना एक नम्र विनंती. मुलांची सहल काढाल तेव्हा कधीतरी अशा स्थळीही जावे. वर्तुळे मोजावीत, चित्रे काढावीत, दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे पाहावेत. पण काहीही उचलू नये. माडिया गावातील दगड पाहावयाचे असतील तर आधी गावकऱ्यांची परवानगी घ्यावी, कारण ते कोणाच्या तरी आजोबांचे स्मारक आहे.

आपल्या कब्रस्तानात पाऊल टाकताना आपण आवाज खाली आणतो, अदब राखतो. तेथे निजलेल्यांची नावे आपणास ठाऊक असतात. जुनापाणीच्या वर्तुळांत निजलेल्यांची नावे सांगणारे आज कोणी नाही. म्हणून तर त्यांची अदब राखण्याची जबाबदारी आपणा सर्वांवर आहे.