घोड्यावर न बसता होणारा उपचार

अश्वसाहाय्यित मानसोपचार म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ यांच्या देखरेखीखाली, घोड्याच्या सहवासात, निश्चित उद्दिष्ट ठेवून घेतली जाणारी उपचारसत्रे. नाव ऐकताच डोळ्यांसमोर घोडेस्वारी येते. प्रत्यक्षात या पद्धतीतील बहुतेक काम जमिनीवर उभे राहूनच होते. घोड्याजवळ सावकाश जाणे, त्याला खरारा करणे, दोरी धरून चालवणे, रिंगणात मोकळा सोडलेला घोडा आपणहून जवळ येईपर्यंत थांबणे, असे त्याचे स्वरूप असते. नैराश्य, चिंताविकार, व्यसनमुक्तीनंतरचा काळ आणि विशेषतः आघातानंतर जडणारा मानसिक विकार यांतून सावरणाऱ्यांसाठी ती वापरली जाते. औषधे आणि समुपदेशन यांना जोड म्हणून तिची योजना होते. त्यांची जागा ती घेत नाही.

या विषयात दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. हिप्पोथेरपी हा शारीरिक उपचार आहे. घोडा चालताना त्याच्या पाठीची जी तिन्ही दिशांना हालचाल होते, ती माणसाच्या चालण्यातील कमरेच्या हालचालीशी मिळतीजुळती असते. म्हणून मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांना भौतिकोपचारतज्ज्ञ घोड्यावर बसवतात. या शाखेला जगाचे लक्ष वेधून देणारे नाव डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांचे. 1944 मध्ये पोलिओ झाल्यानंतर त्यांचे गुडघ्याखालचे पाय निकामी झाले होते, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीचे रौप्यपदक जिंकले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी मात्र त्यांना दुसऱ्याचा हात लागे. मनाच्या उपचारात घोड्याचे काम निराळे आहे. तेथे त्याची पाठ नव्हे, त्याची प्रतिक्रिया उपयोगी पडते.

घोडा हा निसर्गात शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास सभोवतालचे दिसते, आणि दोन्ही कान तो स्वतंत्रपणे फिरवतो. समोरच्याच्या देहबोलीतील बारीकसा ताणही त्याला जाणवतो, कारण रानात त्याचा जीव त्यावरच अवलंबून होता. मुठी आवळून, श्वास रोखून कोणी जवळ आले की तो कान मागे पाडतो, अंग चोरतो, बाजूला होतो. श्वास संथ झाला की मान खाली सोडतो. आघातातून गेलेल्या व्यक्तीचेही असेच असते. दार वाजले तरी दचकणे, पाठीमागे कोण आहे याचा सतत अंदाज घेणे तिच्या अंगवळणी पडलेले असते. अशा व्यक्तीला आपली अवस्था डोळ्यांसमोर उभी दिसते, आणि ती दाखवणाऱ्याने कोणताही शेरा मारलेला नसतो.

एक साधा प्रसंग घ्या. रुग्णाच्या हाती दोरी दिली जाते आणि घोड्याला चार पावले नेण्यास सांगितले जाते. तो दोरी ताणतो. चारशे किलोंचा प्राणी ओढून हलत नाही. उलट पाय रोवतो. चिडचिड होते, दोरी आणखी ताणली जाते. शेवटी हात सैल पडतो, आणि घोडा पाऊल उचलतो. उपचाराचा खरा भाग येथून पुढचा: मानसशास्त्रज्ञ विचारतो, ‘घरातही असेच होते का?’ हा प्रश्न विचारणारा जाणकार रिंगणात नसेल, तर उरतो तो एक सुखद फेरफटका. त्यात वाईट काही नाही, पण त्याला उपचार म्हणता येत नाही.

पुरावा किती, याचे उत्तर जाहिरातींपेक्षा बरेच संयत आहे. 2014 मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्याने तोवरचे 14 अभ्यास तपासले आणि मानसिक विकारांवर हा उपचार लागू पडतो असे म्हणण्याइतका भक्कम आधार त्यांत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आघातोत्तर विकार असलेल्या 63 माजी सैनिकांना लहान गटांत, आठवड्यातून एकदा, दीड तासाची आठ सत्रे दिली. गटासोबत मानसोपचाराचा जाणकार आणि घोड्यांचा जाणकार असे दोघेही असत. घोड्यावर कोणी बसले नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून थोड्या अधिक जणांची लक्षणे ठळकपणे कमी झाली, तीन महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकली, आणि केवळ पाच जणांनी उपचार अर्धवट सोडला. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आशा वाटावी इतके हे पुरेसे आहे; चालू गोळ्या बंद कराव्यात इतके मुळीच नाही.

भारतात बेंगळुरू, चेन्नईसारख्या शहरांत घोड्यांच्या साहाय्याने उपचार देण्याचे प्रयत्न झाले असून त्यांचा भर मुख्यतः स्वमग्न आणि विशेष मुलांवर राहिला. मानसिक आजारातून सावरणाऱ्या प्रौढांसाठी ही पद्धत कोठे रुजू शकेल, असा विचार केला तर इंदूर समोर येते. हे होळकरांचे शहर. मल्हाररावांपासून यशवंतरावांपर्यंत त्यांच्या सत्तेचा कणा घोडदळ हाच होता. 1818 च्या मंदसौर तहानंतर राजधानी महेश्वरहून येथे आली आणि त्याच सुमारास जवळच महूची छावणी वसली. मराठी भाषेत खोगीरभरती, घोडामैदान, बारगीर हे शब्द ज्या जगातून आले, त्या जगाचे हे एक मोठे ठाणे. आज शहरातील बाणगंगा भागात शासकीय मानसिक रुग्णालय आहे, आणि महू येथे 1955 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. माणसाच्या मनाचे आणि घोड्याच्या शरीराचे जाणकार इतक्या जवळ असणे हे काही सर्वत्र आढळत नाही.

घोडेही आहेत, पण ते बहुतांशी वरातीचे. चातुर्मासात लग्ने थांबली की वरातीच्या घोड्या तबेल्यात बसून खातात, आणि मालकाच्या डोक्यावर चारा-चण्याचा खर्च राहतो. तेव्हा त्यांनाच रिकाम्या दिवसांत उपचाराच्या कामाला लावावे, ही कल्पना सहज सुचते. ती जपून हाताळली पाहिजे. बँड, फटाके, झगमगाट आणि गर्दी यांत न बिचकता उभे राहणे हे वरातीच्या घोडीचे शिक्षण. प्रतिक्रिया दाबून टाकणे हाच तिचा गुण मानला जातो, आणि या उपचारात नेमकी तीच प्रतिक्रिया हवी असते. अशी घोडी वरून शांत दिसते, परंतु शांत असणे आणि गप्प झालेली असणे यांत अंतर आहे. तिला आधी कळपात, मोकळ्या जागेत, काही महिने पुन्हा घोडी होऊ द्यावे लागेल. तिच्या मोतद्दाराचे अनुभवज्ञान मात्र अमूल्य ठरेल. तिच्या कानांची भाषा त्याच्याइतकी कोणालाच कळत नाही.

अशा केंद्राकडे जाण्यापूर्वी कुटुंबाने काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सत्र घेणारा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, रुग्णाच्या मूळ डॉक्टरांशी त्याचा संपर्क राहणार का, घोड्याच्या लगत कोण उभे राहणार. भ्रम-भास सुरू असताना, उन्मादाच्या भरात किंवा आत्महत्येचे विचार तीव्र असताना रिंगण ही जागा नव्हे. तेव्हा इस्पितळच गाठावे, आणि तातडीच्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. अनियंत्रित अपस्मार किंवा घोड्याच्या केसांची तीव्र ॲलर्जी असल्यासही हा मार्ग टाळलेला बरा. तबेल्यात जाणाऱ्याने धनुर्वाताची लस घेतलेली असावी. घोड्यांचा ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. म्हणून प्रत्येक घोड्याच्या रक्ततपासणीचा ताजा अहवाल मागण्यात संकोच करू नये. या तपासणीचे देशातील प्रमुख केंद्र हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते, ती म्हणजे घोड्याला नकार देता येतो का. चांगल्या केंद्रात सत्राच्या वेळी रिंगणात पाणी असते, सावली असते, आणि नको वाटल्यास दूर जाऊन उभे राहण्याइतकी जागा असते. तो दूर गेला तर त्याला ओढून आणत नाहीत. रुग्ण थांबतो, आणि त्या दिवसाचे सत्र त्या थांबण्यावरच चालते.