माळावरचे खुंट

माणदेशात, आटपाडीकडे किंवा जतच्या पूर्व भागात गायरान 'सुधारायचे' म्हटले की पहिले काम ठरलेले असते. जेसीबी बोलवायचा, पडलेली झाडे ओढून काढायची, खुंट मुळासकट उपटायचे आणि माळ तळहातासारखा करून टाकायचा. पूर्वपक्ष वरवर बिनतोड वाटतो: खुंट जागा अडवतो, काट्यांत मेंढराची लोकर अडकते, कुजक्या लाकडाला वाळवी लागते, म्हणून माळ जेवढा मोकळा, तेवढे गवत जास्त.

यातली पहिली चूक मापाची. खुंट अडवतो हातभर जागा. तो उपटल्यावर पडणारा खड्डा आणि वर आलेला मुरूम मिळून बाजेएवढी जागा वाया जाते. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये तो 500 मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो. इथल्या माळावर माती बहुतेक ठिकाणी वीतभर, खाली मुरूम. तो वर आला की पवना आणि मारवेल यांसारखी टिकाऊ गवते लवकर परतत नाहीत. आधी माजते ती कुसळी. तिची कुसळे लोकरीतून थेट कातड्यात शिरतात. काट्यापासून वाचवायला निघालेले मेंढरू आपणच कुसळांच्या हवाली करतो.

काट्यांचेही तसेच. बोरीची किंवा हिवराची फांदी पडली की तिच्या आत मेंढराचे तोंड पोहोचत नाही. चरून चरून टक्कल पडलेल्या माळावर पवन्याला बी धरायला तेवढीच जागा उरते आणि पुढच्या पावसात ते बी तिथूनच पसरते. उताराला आडवे पडलेले खोड हा तर फुकटचा बांध. त्यामागे गाळ साठतो, गाळात ओल टिकते. वाळवी पिकाची वैरीण असेल, पण माळावर तिच्याच बिळांतून पाणी जमिनीत उतरते.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. खुंट मेला, हेच मुळात गृहीत धरलेले असते. बोर, हिवर, कडुनिंब तोडले तरी खालच्या मुळ्या जिवंत असतात आणि खुंटाला धुमारे फुटतात. शेळ्या ते दरवर्षी खुडतात, म्हणून आपल्याला दिसते ते फक्त खुरटे झुडूप. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात, मराडी भागात, 1983 च्या सुमारास टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्याच्या हे ध्यानात आले. रोपे लावून हात टेकल्यावर त्याने शेतातल्या खुंटांचे एक-दोन चांगले धुमारे राखून बाकीचे छाटायला सुरुवात केली. पुढे शेतकऱ्यांनी याच रीतीने सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडे परत आणली. तिथेही पाऊस आपल्या माणइतकाच. आपण मात्र पाण्यापर्यंत पोहोचलेली जुनी मुळी उपटतो आणि त्याच खड्ड्यात टँकरच्या पाण्यावर रोप लावतो!

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मान्यच करायला हवे: वेडी बाभूळ. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणलेले हे झाड गवताचा खरा शत्रू आहे. जमिनीलगत तोडले तर ते दुप्पट जोमाने फुटते, कारण त्याचे डोळे मातीखाली, मुळाच्या मानेवर असतात. तेव्हा वीतभर खोल खणून ती मान काढलीच पाहिजे. पण हे काम कुदळीचे आहे, एकेका खुंटापाशी बसून करायचे. यंत्राच्या बकेटला वेडी बाभूळ आणि गावठी बाभूळ सारखीच.

मग गायरानात गवत का नाही? जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 खाली मोफत चराईला राखलेल्या जमिनी कुठे गेल्या, हे आधी सातबाऱ्यावर पाहावे. गावोगावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात राज्यांना बजावले होते. जो तुकडा उरला, त्याला पावसाळ्यात विसावा नाही. गवत फुलोऱ्यावर येण्याआधीच कळप फिरतो. 2012-13 आणि 2018-19 मध्ये माणदेशाला चारा छावण्यांवर जगावे लागले. त्याचे खापर खुंटांवर फोडता येणार नाही.

तेव्हा अंदाजपत्रकात जेसीबीचे तास लिहिण्याआधी ग्रामपंचायतीने गावातल्या जाणत्या धनगराबरोबर एकदा माळ चालून यावा. वेड्या बाभळीच्या प्रत्येक खुंटाला चुन्याची खूण करावी. जिथे खूण नाही, तिथे हात लावू नये.